अण्णांच्या नाकातली शिट्टी आणि क्रोमची शंभर वर्षं

मंडळी, आज राजकारण नाही. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या एमआयडीसीच्या मागच्या ओढ्यातल्या पिवळसर पाण्याचा फोटो मी टाकला होता. त्याखाली दोन तट पडले. एकजण म्हणाला, "सगळ्या प्लेटिंगच्या शेडला टाळं लावा." दुसरा म्हणाला, "पत्रकार साहेब, पोरांच्या पोटावर पाय आणू नका." पाण्याचा नमुना तपासायला गेलाय, अहवाल यायचाय. तोवर मी कुणाचं नाव घेणार नाही आणि ते पाणी कशाचं आहे हेही छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या भांडणात एक गोष्ट लक्षात आली. हार्ड क्रोम म्हणजे काय, ते कशासाठी करतात आणि त्यातला धोका कधीपासून माहीत आहे, हे दोन्ही तटांना नीट ठाऊक नाही. मला थोडंफार ठाऊक आहे, कारण मी त्याच पगारावर वाढलोय.

आमचे अण्णा प्लेटिंगच्या शेडमध्ये एकवीस वर्षं होते. शेड कुठली ते सोडा, ती आता बंद आहे. अण्णा झोपले की त्यांच्या नाकातून शिट्टी वाजायची. घोरणं नव्हे, बारीक शिट्टी, केटली उकळायला लागल्यावर वाजते तशी. आम्ही भावंडं पांघरुणात तोंड घालून हसायचो. आई गप्प असायची. डिप्लोमा करून मी पेपरात लागलो आणि एका कामगार शिबिराची बातमी करायला गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की नाकाच्या दोन पुड्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पडलं की श्वासाबरोबर शिट्टी वाजते. क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्यांचं ते जुनं लक्षण आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर मुळापासून सांगतो.

झीज नावाचा चोर

जेसीबी सगळ्यांनी पाहिलाय. त्याचा हात वर-खाली होतो तेव्हा सिलिंडरमधून एक आरशासारखा दांडा बाहेर येतो. चिखलात, मुरमात, पावसात दिवसभर राबूनही तो चकाकत असतो. ती चमक शोभेची नाही. तो हार्ड क्रोमचा थर आहे आणि तो साधारण २० ते २५ मायक्रॉन जाड असतो. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे केसाच्या एक तृतीयांश जाडीच्या थरावर ते अख्खं धूड चालतं. थर खरवडला की तेलाचं सील फाटतं, सील फाटलं की तेल गळतं, आणि मशीन उभं राहतं.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. लोहार नांगराच्या फाळाला पाणी द्यायचा ते फक्त टोकाला. अख्खा फाळ कडक केला तर दगडाला लागून तुटेल आणि अख्खा मऊ ठेवला तर चार एकरांत बोथट होईल. म्हणून आतून चिवट, वरून कडक. आजचे इंजिनिअर संगणकावर जो थर 'डिझाइन' करतात, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

फक्त आता प्रश्न जास्त विचारावे लागतात. झीज कशानं होतेय? वाळूनं खरवडून? धातूवर धातू घासून चिकटल्यानं? की गंजानं? प्रत्येकाचं औषध वेगळं. नुसता कडकपणा पुरत नाही. मऊ लोखंडावर कडक थर दिला आणि वरून घाव बसला, तर खालचं लोखंड दबतं आणि वरचा थर अंड्याच्या टरफलासारखा फुटतो. म्हणून चांगल्या दांड्याचं लोखंड आधी कडक करून घेतात, घासून गुळगुळीत करतात, मग क्रोम चढवतात आणि पुन्हा पॉलिश करतात. क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगांचं जाळं असतं. त्या भेगा तेल धरून ठेवतात हा फायदा. त्याच भेगांतून पाणी खाली उतरून दांडा आतून गंजू शकतो हा तोटा. अण्णा म्हणायचे, "क्रोम चढवायला कुणीही चढवंल. टिकवायला खालचं काम लागतं."

सोडा वॉटरची गोष्ट

आता टाकीत काय होतं ते बघा. पाण्यात क्रोमिक ॲसिड विरघळवतात. ते गडद तांबडं दिसतं. त्यात अगदी थोडं सल्फ्युरिक ॲसिड, शंभराला एक या प्रमाणात. टाकी ५०-५५ अंशांवर गरम ठेवतात. शिशाच्या पट्ट्या एका टोकाला, दांडा दुसऱ्या टोकाला, आणि मधून डीसी करंट. तासाला साधारण २० ते २५ मायक्रॉन थर चढतो.

खरी गोम इथं आहे. या टाकीत शंभर रुपयांची वीज घातली तर जेमतेम पंधरा-वीस रुपयांची वीज क्रोम चढवायला लागते. उरलेली बहुतेक वीज पाणी फोडते आणि वायूचे बुडबुडे काढते. सोड्याच्या भरलेल्या ग्लासावर नाक नेलं की बारीक तुषार उडतात ना, तसंच. फक्त इथं तुषार क्रोमिक ॲसिडचे असतात. टाकीवर वाकून दांडा लावणाऱ्याच्या थेट नाकात ते जातात. नाकाचा पडदा आधी कोरडा पडतो, मग खपली धरते, मग जखम होते आणि शेवटी भोक पडतं. बऱ्याचदा ते फारसं दुखतही नाही. म्हणूनच माणूस दवाखान्यात जात नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. जेसीबीच्या दांड्याला हात लावल्यानं काही होत नाही. तयार थर हा धातू आहे. घरातल्या स्टीलच्या ताटातही क्रोमियम असतं. विषारी आहे ते टाकीतलं क्रोमियम, ज्याला रसायनशास्त्रात सहा-संयुजी क्रोमियम म्हणतात. धोका वस्तू वापरणाऱ्याला नाही. तो वस्तू घडवणाऱ्याला आहे, आणि सांडपाणी तसंच सोडलं तर ओढ्याकाठच्यांना.

ग्लासगो, १८२७

क्रोमियम सापडलं १७९७ मध्ये. वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं सैबेरियातून आलेल्या तांबड्या खनिजातून ते शोधलं. सुरुवातीला त्याचा उपयोग रंगासाठी व्हायचा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळ बायक्रोमेट तयार करणारा मोठा कारखाना उभा राहिला. १८२७ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा, ग्लासगोच्या विल्यम क्युमिन या डॉक्टरनं बायक्रोमेट हाताळणाऱ्या कामगारांच्या हातावरच्या खोल जखमांची नोंद करून ठेवली. १८९० मध्ये त्याच शहरातल्या डेव्हिड न्यूमन या डॉक्टरनं क्रोमचा रंग बनवणाऱ्या कामगाराच्या नाकात झालेल्या कर्करोगाची नोंद केली.

१८९९ मध्ये मजूर पुढारी कीर हार्डी यांनी त्या कारखान्यावर पत्रकं काढली. मालक मोठे दानशूर म्हणून प्रसिद्ध होते. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी काम नको, असा त्यांचा जाहीर आग्रह होता. त्यांच्या कारखान्यात मात्र माणसं रविवारीही बारा-बारा तास राबत होती. माझ्यासारख्या छोट्या पत्रकारानं हे वाचलं की वाटतं, गाव बदलतं, काळ बदलतो, बातमी तीच राहते.

तो कारखाना १९६० च्या दशकात बंद झाला. पण त्यानं जमिनीत पुरलेला गाळ तिथंच राहिला. २०२१ मध्ये त्या भागातला एक ओढा हिरवागार झाल्याचे फोटो जगभर फिरले. कारखाना बंद होऊन पन्नास वर्षं उलटल्यानंतरची ही गोष्ट. 'टाळं लावा' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. टाळं दाराला लागतं, गाळाला लागत नाही.

ज्यांनी शोधलं, त्यांनीच सांगितलं

क्रोम चढवायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातही झाले, पण थर धड बसत नव्हता. १९२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज सार्जंट यांनी क्रोमिक ॲसिड आणि सल्फेटचं ते शंभराला एकचं गणित प्रसिद्ध केलं. पुढं कोलंबिया विद्यापीठाचे कॉलिन फिंक यांनी ते धंद्याच्या पातळीवर आणलं आणि १९२६ मध्ये पेटंट मिळवलं. आपल्या एमआयडीसीतली टाकी आजही मुळात त्याच कृतीवर चालते. शंभर वर्षं झाली, आमटीची कृती बदलली नाही.

त्याच काळात अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतले विल्यम ब्लम हे शास्त्रज्ञ नोटा छापायच्या प्लेटांवर क्रोम चढवत होते, कारण प्लेटा लवकर झिजायच्या. क्रोम चढवल्यावर एका प्लेटेवर कितीतरी जास्त छपाई निघू लागली. म्हणजे हा माणूस क्रोमचा शत्रू नव्हे, भक्तच.

आणि याच ब्लम यांनी १९२८ मध्ये ब्लूमफिल्ड या सहकाऱ्याबरोबर सरकारी आरोग्य पत्रिकेत अहवाल छापला. विषय होता क्रोम प्लेटिंगमधले आरोग्याचे धोके. त्यांनी टाक्यांवरची हवा मोजली आणि कामगारांची नाकं तपासली. अनेकांच्या नाकात जखमा सापडल्या, काहींच्या पडद्याला भोक. उपायही त्यांनी तिथंच लिहिला. टाकीच्या काठालाच हवा ओढून घेणारी सोय करा, म्हणजे तुषार माणसाच्या तोंडापर्यंत येणारच नाहीत.

मंडळी, साल परत वाचा. १९२८. धंदा सुरू होऊन दोन-चार वर्षं झाली नव्हती तोवर दुखणं आणि औषध दोन्ही छापून आलं होतं. अण्णा त्यानंतर साठ वर्षांनी त्याच टाकीवर वाकून उभे होते, तोंडाला उपरणं बांधून.

मग ते थांबलं का नाही?

कारण काम खरोखर चांगलं होतं. हेंड्रिक व्हॅन डेर हॉर्स्ट या डच इंजिनिअरनं क्रोमच्या थरात मुद्दाम छिद्रं ठेवायची युक्ती काढली, म्हणजे तेल धरून राहील. दुसऱ्या महायुद्धात डिझेल इंजिनांच्या सिलिंडरना असा थर दिला गेला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या एम-१६ रायफली जंगलात अडकायला लागल्या. त्यामागच्या कारणांत एक होतं गोळी बसते त्या खोबणीला क्रोमचा थर नसणं. नंतर तो थर देण्यात आला. एवढ्याशा थरावर सैनिकाचा जीव अवलंबून होता.

आपल्याकडं आणखी एक कारण आहे. आपण वस्तू टाकून देणारी माणसं नाही. झिजलेला शाफ्ट घासायचा, वर क्रोम चढवायचं, पुन्हा मापात आणायचा आणि लावायचा. नवा भाग पुण्या-मुंबईहून मागवायला पैसा आणि दिवस दोन्ही जातात. साखर कारखान्याचा हंगाम चालू असताना, ऊसतोड थांबलेली असताना, एका रात्रीत दांडा तयार करून देणारी शेड हीच देव असते. अण्णांनी असे किती दांडे पहाटेपर्यंत उभं राहून काढले असतील, त्याचा हिशेब नाही. तालुक्यातले ट्रॅक्टर आणि पोकलेन चालू राहिले ते या शेडच्या जिवावर. हे नाकारून चालणार नाही.

पर्याय आहे, पण अर्धा

स्वित्झर्लंडच्या माक्स शूप यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वितळलेला धातू फवारायची पद्धत काढली. पोरं बंदुकीनं भिंतीवर शिशाच्या गोळ्या मारत होती, त्या चपट्या होऊन चिकटल्या, ते बघून सुचलं असं सांगतात. पुढं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स ब्राउनिंग यांनी एचव्हीओएफ नावाची बंदूक बाजारात आणली. त्यात इंधन आणि ऑक्सिजन जाळून आवाजापेक्षा जास्त वेगाचा झोत काढतात आणि टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टची भुकटी त्यातून दांड्यावर मारतात. कण आपटून चपटे होतात आणि एकावर एक बसतात. थर क्रोमपेक्षाही कडक, आणि पकड जबरदस्त. १९९० च्या दशकापासून अमेरिकी संरक्षण खात्यानं विमानांच्या चाकांच्या दांड्यांवर क्रोमऐवजी हा थर वापरून बघितला आणि तो पास झाला.

मग आपल्याकडं उद्याच का नाही? एक, बंदूक, भुकटी आणि वायू महाग. दोन, ती समोर दिसेल तिथंच मारते, बारीक नळीच्या आत पोचत नाही. क्रोमचं पाणी आत शिरतं. तीन, टंगस्टन कार्बाइडचा थर घासायला हिऱ्याचं चाक लागतं. आणि कोबाल्टची धूळही काही आरोग्यदायी नाही, तिथंही बंद खोली आणि सक्शन लागतंच. काही भागांना नायट्रायडिंग चालतं, काहींना निकेलचा थर. म्हणून 'क्रोम बंद, हे सुरू' असं एका ओळीत होत नाही. प्रत्येक भाग बघून ठरवावं लागतं की तो कशानं झिजतोय.

जग मात्र त्या दिशेनं निघालंय. १९९० मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोग करतं असं पक्कं ठरवलं. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय क्रोमिक ॲसिड वापरता येत नाही. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये ठरवलं की शोभेचं क्रोम २०२७ पासून आणि हार्ड क्रोम २०३९ पासून या रसायनातून करायचं नाही. लक्षात घ्या, हार्ड क्रोमला त्यांनीही बारा वर्षं जास्त दिली.

आपल्याकडं काय?

कायदा नव्हता असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या नोंदवायच्या रोगांच्या यादीत क्रोममुळं होणारे व्रण होतेच. हवेतल्या क्रोमिक ॲसिडची मर्यादाही नंतर घातली गेली, दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम. अमेरिकेनं २००६ मध्ये आपली मर्यादा याच्या दहाव्या हिश्शावर आणली. क्रोम प्लेटिंगला धोकादायक काम म्हणून वेगळे नियमही होते. सक्शन, हातमोजे, बूट, ठराविक काळानं तपासणी, सगळं कागदावर. पण मूळ कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगारांपासून सुरू व्हायचा. अण्णांच्या शेडमध्ये सहाजण होते.

मी जुन्या कामगारांपैकी तिघांना भेटलो. दोघांनी नाकाची तपासणी कधीच केलेली नाही. तिसरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, हसून म्हणाले, "अरे, भोक पडलं की काम पक्कं शिकलास असं समजायचे तेव्हा."

परवा मी सध्याच्या एका शेडवर गेलो होतो. चालवणारा तरुण आहे, नाव लिहीत नाही. टाकीच्या दोन्ही काठांना त्यानं सक्शनच्या पट्ट्या लावल्यात, पाण्यावर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत ठेवलेत म्हणजे तुषार कमी उडतात. मी विचारलं, "परवडतं का रे?" तो म्हणाला, "दादा, पहिल्यांदा बोचलं. पण पोरगं टिकतं आता कामाला. आधी सहा महिन्यांत पळून जायचं." शेजारच्या शेडमध्ये डोकावलो, तिथं खिडकीत एक पंखा उलटा बसवला होता. बस, एवढंच. तो पंखा तुषार ओढतो, पण आधी माणसाच्या तोंडावरून नेतो.

ओढ्याचंही तसंच आहे. सांडपाण्यात नदी-नाल्यात सोडायची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम सहा-संयुजी क्रोमियम. ते गाठणं अवघड शास्त्र नाही. पाणी आम्ल करायचं, सोडियम बायसल्फाइट घालायचं, पिवळं पाणी हिरवं होतं, मग चुना घालून गाळ खाली बसवायचा. पण तो गाळ घातक कचरा आहे. तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या ठिकाणीच जायला हवा, ओढ्याच्या काठावर नाही. लहान शेडला एकट्याला हे जड जातं. आठ-दहा शेडनी मिळून एक टाकी बांधली तर जड जात नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शेड बंद करा असं मी म्हणणार नाही, मी त्या शेडच्या पगारावर शिकलोय. पण तीन गोष्टी मागतो. प्रत्येक टाकीच्या काठाला सक्शन. टाकीवरच्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा नाकाची तपासणी, कान-नाक-घसा डॉक्टरकडं, मालकाच्या खर्चानं. आणि सांडपाण्यासाठी एमआयडीसीत सामाईक सोय. यातली पहिली गोष्ट १९२८ ची आहे. तिला नवा शोध, नवं अनुदान, नवी समिती काही लागत नाही. पत्रा, पाईप आणि ब्लोअर लागतो, आणि तो बनवून देणारे फॅब्रिकेटर आपल्याच गावात आहेत.

अण्णा गेले ते हृदयविकारानं. क्रोमनं गेले असं मी लिहिणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. पण लोखंडाची झीज थांबवता थांबवता त्यांच्या नाकाची झीज झाली, ती मात्र रोज रात्री ऐकू यायची. कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. आम्ही हसत होतो.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी प्लेटिंगला असेल तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा, नाकात खपली धरते का, रक्त येतं का, शिट्टी वाजते का. उत्तर होय असेल तर मला इनबॉक्स करा. नाव कुठंही येणार नाही. आणि मालक मंडळी, तुम्हीही बोला. पुढच्या महिन्यात कान-नाक-घसा तपासणीचं शिबिर लावायचा प्रयत्न चाललाय, ठरलं की इथंच कळवतो.